'स्किन कलर' कुणाचा?

डिसेंबर लागला की पुण्याच्या पेठांमधल्या, ड्रेस भाड्याने देणाऱ्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. शाळांच्या गॅदरिंगचे दिवस. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या नाचासाठी मीही त्या गर्दीत उभी होते. शाळेच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'स्किन कलर स्लॅक्स, 1'. दुकानदारांनी मागे न बघताच फळीवरचं पाकीट काढून काउंटरवर टाकलं. आतला रंग दुधात बुडवून काढलेल्या मारी बिस्किटाचा. भाचीने त्यावर आपला हात ठेवला. आमच्या घरात सगळ्यांचा रंग शेंगदाण्याच्या भाजक्या टरफलाकडे झुकणारा, तिचाही तसाच. "मावशी, ही कुणाची स्किन?"

"अहो, स्टेजवर लाइटमध्ये काही कळत नाही," दुकानदार म्हणाले. "सगळ्या शाळा हाच नेतात."

सगळ्या शाळा हाच नेतात, हे खरं होतं. पलीकडच्या खणात 'आदिवासी सेट' टांगलेले होते: प्लॅस्टिकच्या पानांचा घागरा, खोट्या हाडांची माळ आणि सोबत काळ्या रंगाची डबी. त्या डबीकडे प्रकरणाच्या शेवटी येऊ. आधी भाचीचा प्रश्न, कारण तो जगातल्या मोठमोठ्या नृत्यसंस्थांना सोडवायला कित्येक दशकं लागली.

बॅलेमध्ये पाय ही एक रेषा मानतात. कमरेपासून बोटाच्या टोकापर्यंत ती अखंड दिसावी म्हणून मोजे आणि सॅटिनचे बूट त्वचेच्या रंगाचे घालायचे, अशी ही पद्धत. त्वचा कुणाची, हे कुणी विचारलं नाही. युरोपातल्या नाट्यगृहांत विचारायची वेळच आली नाही. म्हणून तो रंग फिकट गुलाबी. कृष्णवर्णीय नर्तिकेने तेच गुलाबी मोजे चढवले की रेषा कमरेलाच तुटते. ज्या हेतूने नियम केला, तो हेतूच तिच्या बाबतीत नियम पाळल्यामुळे फसतो. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या 'डान्स थिएटर ऑफ हार्लेम'ने हा नियम मोडला. प्रत्येकीचे मोजे तिच्या स्वतःच्या रंगात रंगवले गेले. बूट तसे बाजारात मिळत नव्हते, तेव्हा फाउंडेशनची बाटली आणि स्पंज घेऊन नर्तिका बसायच्या आणि बूट, फिती सगळं थापून थापून रंगवायच्या. असा बूट जड प्रयोगात एका रात्रीत बसतो, म्हणजे पुढच्या जोडाला पुन्हा तेच. गोरी मैत्रीण त्या वेळात झोपलेली किंवा सराव करत असणार. लंडनच्या फ्रीड कंपनीने 1929 साली बॅलेचे बूट बनवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे तपकिरी बूट आले 2018 साली, तेही 'बॅले ब्लॅक' नावाच्या लहानशा संस्थेच्या साथीने. मधली 89 वर्षं स्पंजची.

वंशभेद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिवी येते, मारहाण येते, 'फक्त गोऱ्यांसाठी' अशी पाटी येते. नाचाच्या वर्गात तो असा क्वचित येतो. तिथे तो मोज्याच्या रंगातून येतो, केस बांधायच्या नियमातून येतो, आणि सगळ्यात जास्त एका निरुपद्रवी शब्दातून येतो: 'न्यूट्रल'.

कंटेम्पररी नृत्याच्या पहिल्याच तासाला शिक्षक सांगतात, न्यूट्रल उभे राहा. पावलं समांतर, गुडघे सरळ, कंबर आत, पाठीचा कणा वर ताणलेला, छाती शांत. यातून पुढे कुठेही जाता येतं म्हणून ती कोरी पाटी, असं समजायचं. आता भरतनाट्यम शिकलेली मुलगी तिथे आली तर तिचं घर म्हणजे अरमंडी, गुडघे बाहेर वळलेले, शरीर खाली बसलेलं. पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक नाचांत गुडघे सैल असतात, धड पुढे जमिनीकडे झुकलेलं असतं, वजन खाली सोडलेलं असतं. या दोघींना 'न्यूट्रल' व्हायला आधी आपलं काहीतरी पुसावं लागतं. पहिल्या बाकावरची, लहानपणापासून बॅलेला गेलेली मुलगी काहीच पुसत नाही. ती नुसती उभी राहते आणि शाबासकी मिळवते.

ही गोष्ट बऱ्याच आधी एका अमेरिकन बाईने हसतहसत मांडली होती. जोअन केआलीनोहोमोकू ही नृत्याची मानवशास्त्रज्ञ, होपी आदिवासींच्या नाचांचा अभ्यास केलेली. 1970 च्या सुमारास तिने एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात बॅलेकडे तसंच पाहिलं, जसं पाश्चात्त्य लेखक आफ्रिकेतल्या किंवा पॅसिफिक बेटांवरच्या नाचाकडे पाहत. कोण नाचतं, कुठे, कुणापुढे? कथा कसल्या? तर राजपुत्र, हंस, जादूटोणा, अपुरं प्रेम, लग्नाची मेजवानी. शरीराचा कुठला भाग शोभिवंत मानतात? लांब पाय, वर ओढलेला कणा. तिचा निष्कर्ष असा की बॅले हेही एका लोकसमूहाचं, एका मुलखाचं नृत्य आहे. बाकीच्यांना 'एथ्निक' म्हणायचं आणि याला नुसतं 'नृत्य' म्हणायचं, यात शास्त्र काही नाही. आजही नृत्यशिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांत हा निबंध वाचायला देतात. कारण एकदा वाचला की कोरी पाटी पुन्हा कोरी दिसत नाही.

या 'नुसत्या नृत्या'त आपलाही माल आहे, हे इथेच सांगून टाकते. 1904 साली रूथ सेंट डेनिस या अमेरिकन नटीने एका दुकानात 'इजिप्शियन डीटीज' नावाच्या सिगारेटची जाहिरात पाहिली, त्यातल्या देवीने ती झपाटली आणि पूर्वेकडच्या नाचांच्या मागे लागली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जत्रेत भारतातून आणलेले नर्तक-नर्तकी खेळ करत होते. 1906 साली तिने 'राधा' हा नाच केला. संगीत फ्रेंच ऑपेराचं, देऊळ पडद्यावर रंगवलेलं, कोपऱ्यात बसवलेले खरे भारतीय पुरुष शोभेला. पुढे तिने नवऱ्याबरोबर काढलेल्या 'डेनिशॉन' शाळेत मार्था ग्रॅहम शिकली, आणि ग्रॅहमच्या तंत्रावर अर्ध्या जगातले कंटेम्पररीचे वर्ग उभे आहेत. सेंट डेनिसचं नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. कोपऱ्यात बसलेल्यांची नावं शोधायला संशोधकांना शंभर वर्षांनी जहाजांच्या आणि न्यायालयांच्या कागदपत्रांत शिरावं लागलं.

कॅथरीन डनहॅमची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. 1909 साली शिकागोजवळ तिचा जन्म झाला. शिकागो विद्यापीठात ती मानवशास्त्र शिकत होती आणि दुसरीकडे नाचत होती. 1935 साली शिष्यवृत्ती घेऊन ती कॅरिबियन बेटांवर गेली: जमैका, मार्टिनिक, त्रिनिदाद आणि सगळ्यात जास्त काळ हैती. बेटांवर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांनी आपले नाच जपले होते. वही हातात घेऊन कडेला उभं राहणारे अभ्यासक तिथे आधीही गेले होते. डनहॅम रिंगणात उतरली. हैतीत तिने व्होडू या तिथल्या धर्माची दीक्षा घेतली, कारण तिथला 'यानवालू' हा नाच म्हणजे पूजा आहे. आपल्याकडे गोंधळाला नुसता नाच म्हटलं तर गोंधळी जसा हसेल, तसंच हे. यानवालूत गुडघे वाकवून, पुढे झुकून पाठीचा कणा लाटेसारखा खालून वर आणि वरून खाली वाहत राहतो. दंबाला या सर्पदेवतेचा तो नाच.

परत आल्यावर तिने जे केलं, ते वर्गाच्या दृष्टीने क्रांतिकारक होतं. तिने एक तंत्र बांधलं. सुरुवात जमिनीवर, श्वासापासून. मग बॅलेसारखा दांडा धरून व्यायाम, पण त्यात यानवालूची लाट घातलेली. मग एकेक अवयव सुटा करायचा सराव: फक्त मान, फक्त खांदे, फक्त बरगड्या, फक्त कंबर. शेवटी ढोलाच्या साथीवर खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचत जायचं, ज्यात पायात एक ताल, खांद्यात दुसरा आणि हातात तिसरा. कथकवाल्यांना हे पटकन कळेल: पायात ठाय आणि हातात दुगुन धरण्यासारखं, फक्त इथे धडही आपला वेगळा ताल धरतं. पियानोच्या जागी ढोल वाजवणारा माणूस आला की वर्गातला अधिकार कुठे सरकतो, हे कल्पनेनेही कळतं. ढोलकऱ्याने लय बदलली की शिक्षिकेलाही बदलावं लागतं.

आज पुण्या-मुंबईतल्या प्रत्येक डान्स क्लासमध्ये 'आयसोलेशन्स' शिकवतात. जाझ म्हणून शिकवतात, बॉलीवूड म्हणून शिकवतात. त्या खांद्यांना आणि कमरेला आफ्रिकेचं आणि कॅरिबियन बेटांचं गाव आहे, आणि ते आपल्या क्लासपर्यंत पोहोचायला डनहॅमसारख्या माणसांचं आयुष्य खर्ची पडलं आहे, हे किती जण सांगतात? 1940 साली 'कॅबिन इन द स्काय' या ब्रॉडवेच्या नाटकाचे नाच तिने बॅलेचा नृत्यरचनाकार बॅलनशीन याच्याबरोबर बसवले. श्रेय बॅलनशीनच्या एकट्याच्या नावावर लागलं.

चाळीसच्या दशकाच्या मध्यावर तिने न्यूयॉर्कला शाळा काढली. काळे-गोरे एकाच खोलीत, आणि नाचाबरोबर मानवशास्त्र, तत्त्वज्ञान, भाषाही अभ्यासाला. नट मार्लन ब्रँडो तिथे येऊन गेला, गायिका अर्था किट तिथूनच पुढे आली. शाळेबाहेर मात्र जग जागच्या जागी होतं. 1944 साली लुईव्हिल शहरात प्रयोग संपल्यावर डनहॅमने रंगमंचावरूनच प्रेक्षकांना सांगितलं की काळ्यांना आणि गोऱ्यांना शेजारी बसू देत नाहीत तोवर आपण इथे पुन्हा येणार नाही. 1950 साली ब्राझीलच्या साओ पावलोत एका हॉटेलने तिला खोली नाकारली. तिने ते जाहीर केलं, देशभर गदारोळ झाला, आणि पुढच्याच वर्षी ब्राझीलने वंशभेद करणं गुन्हा ठरवणारा पहिला कायदा केला. नाचणाऱ्या बाईमुळे कायदा झाल्याची उदाहरणं मला तरी फार ठाऊक नाहीत.

'यांच्या रक्तातच ताल असतो', हे वाक्य काळ्या विद्यार्थ्यांनी किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. म्हणणारा कौतुकानेच म्हणतो. आपल्याकडे हेच वाक्य लावणी करणाऱ्या घराण्यांतल्या मुलींबद्दल म्हणतात, पाड्यावरच्या मुलांबद्दल म्हणतात. त्या वाक्यात दोन चोऱ्या आहेत. एक तर रियाज चोरला जातो: इतक्या वर्षांची मेहनत रक्ताच्या खात्यावर जमा होते. दुसरं, डोकं चोरलं जातं. डनहॅमच्याच काळातली पर्ल प्रायमस त्रिनिदादला जन्मली, न्यूयॉर्कला वाढली, जीवशास्त्राची पदवीधर. काळी म्हणून प्रयोगशाळेत नोकरी मिळाली नाही, तेव्हा ती नाचाकडे वळली. तिची उडी इतकी उंच जायची की समीक्षक उडीवरच लिहीत बसायचे. त्या उडीमागे काय होतं? 1944 साली दक्षिणेकडच्या राज्यांत कापूस वेचणाऱ्या मजुरांबरोबर राहून केलेलं निरीक्षण, 1948 पासूनचा आफ्रिकेतला प्रवास, आणि 1978 साली न्यूयॉर्क विद्यापीठाची पीएच.डी. रक्ताला पीएच.डी. मिळत नसते.

आता 'डान्स थिएटर ऑफ हार्लेम' जिथे सुरू झालं, त्या गॅरेजकडे. आर्थर मिचेल हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्या वस्तीतलाच, 1934 चा जन्म. 1955 साली तो न्यूयॉर्क सिटी बॅलेत गेला आणि दोन वर्षांनी बॅलनशीनने 'अगॉन'मध्ये त्याला डायना ॲडम्स या गोऱ्या नर्तिकेचा जोडीदार केलं, तेव्हाच्या अमेरिकेत ही धिटाईच होती. 1968 च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. मिचेल आपल्या वस्तीत परतला आणि मुलांना शिकवू लागला. पुढच्या वर्षी त्याने कॅरेल शूक या आपल्या शिक्षकाबरोबर ही संस्था काढली. जागा म्हणजे एक गॅरेज. उन्हाळ्यात आत उकडायचं, म्हणून दारं उघडी ठेवली. रस्त्यावरची पोरं डोकावू लागली. मुलग्यांना टाइट्सची लाज वाटत होती, तर त्याने सांगितलं, जीन्स गुडघ्यापाशी कापून या. वर्गात ढोल आणले. 30 मुलांवर सुरू झालेला वर्ग काही महिन्यांत 400 वर गेला.

त्याने काय सोडलं आणि काय सोडलं नाही, याकडे माझं लक्ष जातं. कपड्यांचा नियम सोडला, दाराचा सोडला, संगीताचा सोडला. बॅलेची शिस्त तसूभर सोडली नाही. पाय तेवढाच वळला पाहिजे, बोट तेवढंच ताणलं पाहिजे. सर्वसमावेशक शिकवणं म्हणजे सोपं करून शिकवणं, असा एक समज शिक्षकांतच आहे. हार्लेमच्या गॅरेजने तो तेव्हाच मोडीत काढला होता.

बॅलेपासून दूर असलेल्या, मुलांनी आपलं आपण रचायच्या नाचाचा, म्हणजे ज्याला आज 'क्रिएटिव्ह डान्स' म्हणतात त्याचा इतिहास जास्त गुंतागुंतीचा आहे. त्याचा उगम एका अवघड माणसापाशी आहे. रुडॉल्फ लाबान, जन्म 1879, आजच्या ब्रातिस्लाव्हातला. हालचाल लिहून ठेवायची लिपी त्याने तयार केली. त्याचं म्हणणं असं की हालचालीचे मूळ घटक थोडेच आहेत: वजन, वेळ, अवकाश, ओघ. जड की हलकं, झटकन की सावकाश, सरळ की वळणावळणाने, मोकळं की आवरलेलं. मुलांना ठरीव स्टेप्स देऊ नका, हे घटक द्या, ती नाच रचतील. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तो इंग्लंडला आला, 1948 साली शाळांसाठी पुस्तक लिहिलं, आणि इंग्लंडच्या शाळांतला नृत्याचा तास त्याच्या विचारावर उभा राहिला. पण त्याआधी हाच लाबान बर्लिनच्या सरकारी ऑपेराचा बॅले संचालक होता आणि जुलै 1933 मध्ये तिथल्या मुलांच्या वर्गातून त्याने 'अनार्य' ठरवलेली मुलं काढायला सुरुवात केली. 1936 साली नाझी मंत्री गोबेल्सने त्याच्याच कार्यक्रमावर बंदी घातली, मग त्याला देश सोडावा लागला. पाठ्यपुस्तकांतून हा दुसरा भाग वर्षानुवर्षं तेवढा सांगितला गेला. पहिला संशोधकांनी दप्तरांतून बाहेर काढला. सर्व मुलांसाठी म्हणून जगभर वापरली जाणारी पद्धत ज्याची, त्यानेच मुलं निवडून वेगळी केली होती, हे त्या पद्धतीच्या प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगितलं पाहिजे असं मला वाटतं. पद्धत टाकू नये. ती कुणाकुणाच्या हातात कशी वागली ते बघावं.

लीड्समध्ये ती चांगल्या हाती पडली. यॉर्कशरमधलं हे कापडाचं, शिलाईकामाचं शहर. तिथल्या हेअरहिल्स आणि चॅपलटाउन भागांत कॅरिबियन बेटांवरून, पंजाबातून, पाकिस्तानातून आलेली कष्टकरी कुटुंबं दाटीने राहत. हेअरहिल्स मिडल स्कूलमध्ये नदीन सीनियर नावाच्या बाई होत्या, आधी खेळाच्या शिक्षिका, पुढे मुख्याध्यापिका. सत्तरच्या दशकात त्यांनी शाळेत नृत्य आणलं, तेही निवडक मुलींचा छंद म्हणून न ठेवता वर्गातल्या मुला-मुली सगळ्यांसाठी. इंग्रजी नीट न येणारं मूल गणिताच्या तासाला गप्प बसतं. 'चिखलातून पाय उपस, आता तो चिखल घट्ट होतोय' असं सांगितल्यावर भाषा लागत नाही. आणि त्या चिखलातून पाय काढायची जमैकन घरातल्या पोराची तऱ्हा वेगळी, जालंधरकडच्या पोराची वेगळी. बरोबर-चूक असं काही नाही. बघायचं ते हे की वजन खरंच जाणवतं का.

त्या शाळेतून काय निघालं? दर्शन सिंग भुल्लर, पंजाबात जन्मलेला, 1979 साली लंडन कंटेम्पररी डान्स थिएटरमध्ये दाखल झाला. 1981 साली डेव्हिड हॅमिल्टन, डोनल्ड एडवर्ड्स आणि व्हिलमोर जेम्स या तीन तरुणांनी 'फीनिक्स' ही नृत्यसंस्था काढली, सगळे काळे आणि सगळे पुरुष. ब्रिटनमध्ये असं कुणी पाहिलं नव्हतं. ती संस्था आजही आहे, आणि 2002 ते 2006 तिचा कलासंचालक तोच भुल्लर होता. 1985 साली सीनियर बाईंनी 'नॉर्दर्न स्कूल ऑफ कंटेम्पररी डान्स' उभी केली. मुलांना लंडनला पाठवण्याऐवजी शाळाच वस्तीत आणली: चॅपलटाउनमधलं जुनं, मोठ्या घुमटाचं यहुदी प्रार्थनास्थळ त्यांना मिळालं. लाबानने बर्लिनमध्ये वगळलेल्या मुलांच्या धर्माची ती वास्तू. इतिहास असा टोमणा मुद्दाम मारत नसतो, पण बसतो कधीकधी.

याच शाळेत पुढे अक्रम खान शिकला. लंडनमधल्या बांगलादेशी घरातला, लहानपणापासून प्रताप पवार यांच्याकडे कथक शिकलेला. कथक आणि कंटेम्पररी एकाच अंगात आल्यावर शरीराचा गोंधळ उडाला, असं तो नेहमी सांगतो. त्या गोंधळातूनच त्याची भाषा तयार झाली. एखाद्या शिक्षकाने पहिल्या वर्षी 'ते कथक आधी विसर' म्हटलं असतं तर? म्हणणारे शिक्षक जगात कमी नाहीत. भारतातही कमी नाहीत.

2022 साली या शाळेने प्रवेशाच्या चाचणीतून बॅले काढून टाकलं. शिकवण्यात ते राहिलं, चाचणीत नको इतकंच. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी गहजब केला. दर्जा गेला, परंपरा गेली. माझं मत विचाराल तर निर्णय बरोबर होता. अठराव्या वर्षी बॅलेची चाचणी घेता तेव्हा तुम्ही पाचव्या वर्षापासून महिन्याच्या महिन्याला फी भरणाऱ्या आईबापांची चाचणी घेत असता. मिचेलने बॅले वस्तीत नेलं आणि लीड्सने बॅले दारातून हलवून आत ठेवलं; वरवर उलट दिसणाऱ्या या दोन गोष्टींत भांडण नाही.

सगळ्यांना सामावून घेणाऱ्या वर्गात प्रत्यक्ष काय दिसतं? पहिलं म्हणजे आरसा पडद्याने झाकलेला असतो, निदान अर्धा तास. आरसा असला की मुलं स्वतःकडे बघत नाहीत, पहिल्या रांगेतल्या मुलीकडे बघतात. दर आठ मात्रांनी रांगा बदलतात, त्यामुळे मागची रांग कायमची मागची राहत नाही. केसांचा नियम 'चेहऱ्यावर येऊ नयेत' एवढाच. गुळगुळीत अंबाडा घट्ट कुरळ्या केसांचा होत नाही आणि त्यासाठी कुणाला 'अव्यवस्थित' म्हणायचं कारण नाही. शिक्षक हात लावून चूक सुधारण्याआधी विचारतो. हजेरी घेताना नाव कठीण वाटलं तर ते नीट शिकून घेतो, तोडून सोपं करत नाही.

मग काम दिलं जातं. 'घरी कुणीतरी रोज करतं असं एक काम हातांनी दाखवा.' कुणी कणीक तिंबतं, कुणी शिलाई मशीनखालून कापड सरकवतं, कुणी कुलूप लावून दोनदा ओढून बघतं. आता तेच दुप्पट सावकाश. आता हातांचं काम पाठीने करा. आता जमिनीवर. आता तुमची हालचाल शेजाऱ्याला द्या आणि त्याची घ्या. दहा मिनिटांत कुलूप ओढून बघणाऱ्याची पाठ आणि कणीक तिंबणाऱ्याचे खांदे मिळून काहीतरी होतं, जे त्या खोलीत याआधी नव्हतं. मग शिक्षक त्याला तंत्र देतो: इथे वजन सोड, इथे श्वास धर. आणि एखादी स्टेप बाहेरून आणली तर तिचं गाव सांगतो. हिप-हॉप शिकवताना 'ब्राँक्स, 11 ऑगस्ट 1973, डीजे कूल हर्कची पार्टी' एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं.

सेनेगलमधल्या तुबाब दियालॉ गावात जर्मेन अकोन्यी या नर्तिकेने 1998 साली 'एकोल दे साब्ल' ही शाळा काढली, तिच्या नाचाच्या दालनात जमीन वाळूची आहे. ती शिकवते की छाती म्हणजे सूर्य, नितंब म्हणजे चंद्र, जांघ म्हणजे तारे, आणि त्यांना जोडणारा कणा. बॅलेचा विद्यार्थी त्या वाळूत पाय रोवतो तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं की लाकडी, सपाट, गुळगुळीत फरशी हीसुद्धा कुणाची तरी सोय होती.

आता ती काळ्या रंगाची डबी. बॅलेत ती होतीच. 1877 साली नृत्यरचनाकार पेटिपाने सेंट पीटर्सबर्गला बसवलेलं 'ला बायादेर' हे भारतात घडणारं, देवदासीच्या प्रेमाचं बॅले. त्यात चेहरे काळे रंगवलेल्या लहान मुलांचा एक नाच आहे. 2019 साली मॉस्कोच्या बोल्शोईतल्या अशा मुलींचा फोटो मिस्टी कोपलंड या अमेरिकन नर्तिकेने जगापुढे ठेवला, तेव्हा संस्थेने परंपरेचं कारण दिलं. आपण हसू नये. मी पाचवीत असताना आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये 'आदिवासी नृत्य' होतं. बाईंनी आम्हा सोळा जणींना रांगेत बसवून चेहऱ्याला आणि हातांना काळा रंग फासला. आमच्या वर्गात जव्हारकडची एक वारली मुलगी होती. तिलाही फासला, सगळ्या सारख्या दिसायला हव्यात म्हणून. दोन सरळ रांगा, तोंड प्रमुख पाहुण्यांकडे, मधूनमधून अर्थ नसलेल्या आरोळ्या. तिच्या गावात लोक कसे नाचतात, हे बाईंनी तिला विचारलं नाही. मी तिच्या शेजारी बसायचे, मीही विचारलं नाही.

तिच्या गावात तारपा वाजतो. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांचं ते लांब वाद्य. पिकं हाती आली की रात्री वाजवणारा मध्ये उभा राहतो आणि बाया-पुरुष कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती साखळीने फिरतात. तारप्याकडे पाठ करत नाहीत. त्याने सूर बदलला की साखळीचा पाय बदलतो. कुणाकडे तोंड करून उभं राहायचं नसतं, कारण बघायला बाहेरचं कुणी बसलेलं नसतं.

गॅदरिंगची मीटिंग साधारण दिवाळीआधी होते. तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल, तर त्या मीटिंगला जा. आदिवासी नृत्य ठरत असेल तर जव्हार, डहाणू, मोखाड्याकडच्या एखाद्या तारपा वाजवणाऱ्याला आठवडाभर बोलवा, येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन द्या, त्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर कोरिओग्राफर म्हणून छापा, आणि मुलांना रिंगणात नाचू द्या, पाहुण्यांना पाठ दिसली तरी चालेल. एवढं जमत नसेल तर तो नाच ठेवू नका.

आणि स्लॅक्सचं. यंदा मी त्याच दुकानात पुन्हा विचारलं. तपकिरीच्या दोन छटा आता येतात, वरच्या फळीवर आहेत. "चार पाकिटं पडून आहेत," दुकानदार म्हणाले, "कुणी मागतच नाही." तुम्ही मागा.